अमेरिकेतली दिवाळी: फुलबाजी पेटवण्याआधी कोणाकोणाला विचारायचं

ओहायो राज्याच्या कायद्यात दिवाळीचं नाव आहे, अगदी नावानिशी. नोव्हेंबर २०२१मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी या कायद्यावर सही केली आणि १ जुलै २०२२पासून सामान्य माणसाला ठरावीक दिवशी फटाके उडवायची मुभा मिळाली. नववर्ष, चिनी नववर्ष, ५ मे, मेमोरियल डे, जूनटीन्थ, चार जुलैच्या आसपासचे दिवस, लेबर डे आणि दिवाळी, अशी यादीच त्यात आहे. ओहायोत नुकतं बिऱ्हाड मांडलेलं कुणीही हे वाचून खूश होईल. पण तोच कायदा पुढे म्हणतो की गावाला किंवा टाउनशिपला (हेही गावासारखंच स्थानिक प्रशासन) हवं तर त्यांनी यातले काही दिवस गाळावेत, नाहीतर सरसकट बंदी घालावी. बऱ्याच गावांनी ती घातलीही. म्हणजे गावाची हद्द जिथे जाते तिथे रस्त्याच्या अलीकडे भुईनळा चालतो आणि पलीकडे चालत नाही, असं खुशाल होऊ शकतं.

‘अमेरिकेत फटाके चालतात का?’ हा प्रश्न दर ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतो आणि त्याला ‘हो, आम्ही तर दरवर्षी उडवतो’ छापाची उत्तरं येतात. ती उत्तरं देणाऱ्याच्या गावापुरती खरी असतील, तुमच्यासाठी बिनकामाची. भारतात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली ती देशभरासाठी. इथे तसं वरून कुणी ठरवत नाही. इथे राज्य, गाव आणि तुमच्या अंगणाचा मालक अशा तिघांना विचारावं लागतं, आणि तिघांपैकी एकाने नाही म्हटलं की विषय संपला. राज्याचा होकार म्हणजे ‘आता गावाला विचारा’, एवढाच त्याचा अर्थ.

केंद्र सरकार यात कुठे येतं? फटाका कसा असावा, एवढ्यापुरतं. ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी जो आयोग आहे त्याचा नियम असा की जमिनीवर फुटणाऱ्या फटाक्यात स्फोटक दारू ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आपला सुतळी बॉम्ब या मापात कुठेच बसत नाही. एम-८० नावाचे इथले तसेच दणदणीत बार १९६६पासून बंद आहेत, तरी कुणाच्या तरी ट्रकच्या मागे ते विकायला असतात. ब्राउन कागदात गुंडाळलेलं, वर ना नाव ना सूचना, असं काही कुणी देऊ केलं तर हातही लावू नका. आणि भारतातून येताना ‘चार फुलबाज्याच तर आहेत’ म्हणून बॅगेत टाकू नका. विमानात हातातल्या किंवा चेक-इन, कुठल्याच सामानात फटाके चालत नाहीत, फुलबाजीसुद्धा नाही. टपालानेही पाठवता येत नाहीत.

पहिली पायरी: आपण नक्की कुठे राहतो?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. पत्त्यात जे शहराचं नाव असतं ते टपाल खात्याचं असतं, कायद्याचं नव्हे. टेक्ससमध्ये हे फार ठळक दिसतं. पत्ता ‘केटी’चा, पण घर केटी शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोकळ्या भागात. अशा भागाला अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांच्या हद्दीत फटाके उडवायला बंदी आहे, पण पत्त्यावर ‘ह्यूस्टन’ लिहिलेलं प्रत्येक घर ह्यूस्टन शहरात नसतं. न्यू जर्सीत आणखी गंमत: टाउनशिप, बरो, सिटी सगळं शेजारी-शेजारी, आणि टपालाचं नाव तिसऱ्याच गावाचं.

घर स्वतःचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा; कर कोण घेतं ते त्यावर असतं. भाड्याचं असेल तर काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकून हद्द बघता येते. कचरा कोण उचलतं यावरून अंदाज बांधू नका, तो बऱ्याचदा खासगी कंपनीचा असतो.

दुसरी पायरी: राज्य काय म्हणतं

राज्याचा नियम वाचताना फटाक्यांचे दोन गट डोक्यात ठेवा. एक, जमिनीवर किंवा हातात राहून ठिणग्या टाकणारे: फुलबाजी, पाऊस म्हणजेच भुईनळा. इथे त्यांना स्पार्कलर आणि फाउंटन म्हणतात. दोन, उडणारे आणि फुटणारे: रॉकेट, लवंगीच्या माळा, आकाशात जाऊन फुलणारे शॉट. बहुतेक राज्यांचं भांडण दुसऱ्या गटाशी आहे. पण पहिल्याशीही भांडण असणारं एक राज्य आहे, आणि तिथे मराठी माणसं भरपूर आहेत.

ते म्हणजे मॅसॅच्युसेट्स. तिथे सामान्य माणसाला फटाके विकत घेणं, बाळगणं, उडवणं सगळंच बेकायदा आहे, फुलबाजीसह. शेजारच्या न्यू हॅम्पशायरच्या सीमेवर मोठाली दुकानं आहेत, तिथे ते रीतसर मिळतात, आणि ते डिकीत घालून सीमा ओलांडली की बेकायदा होतात. बाळगण्याचा दंड कायद्यात अजूनही १० ते १०० डॉलर असा जुन्या काळचा आहे. माल जप्त होतो तो वेगळा. विकणाऱ्याला मात्र तुरुंगही होऊ शकतो. म्हणून ‘मी आणतो, तुम्ही आपापले पैसे द्या’ ही महाराष्ट्र मंडळातली सोय तिथे करू नये.

न्यू जर्सीतही अशीच बंदी होती. २०१७मध्ये ती सैल झाली: हातातल्या आणि जमिनीवरच्या फुलबाज्या, साप, धुराच्या कांड्या, आपटबार असली मंडळी कायदेशीर झाली; घेणारा १६ वर्षांचा हवा. उडणारं किंवा फुटणारं अजूनही नाही. पेनसिल्वेनियातून रॉकेट आणून घरात ठेवलं तरी न्यू जर्सीत तो गुन्हाच, छोट्या स्वरूपाचा का होईना.

पेनसिल्वेनियाची तऱ्हा उलटी. २०१७पर्यंत तिथली दुकानं मोठे फटाके बाहेरच्या राज्यातल्या लोकांना विकत होती आणि पेनसिल्वेनियाच्या रहिवाशांना ते घ्यायला बंदी होती! त्या वर्षी रहिवाशांनाही मुभा मिळाली, त्यावर नेहमीच्या विक्रीकराशिवाय १२ टक्क्यांचा खास कर बसला, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की २०२२मध्ये कायदा पुन्हा आवळला. आता कोणत्याही इमारतीपासून किंवा गाडीपासून १५० फूट लांब उभं राहावं लागतं, मग ती इमारत तुमची स्वतःची का असेना. तुमच्या टाउनहाउसचं अंगण डोळ्यांसमोर आणा. १५० फुटांत चार शेजारी आणि त्यांच्या गाड्या येतात. म्हणजे कायद्याने परवानगी आहे आणि जागेने नाही. शिवाय रात्री १० ते सकाळी १० बंद. २, ३, ४ जुलै आणि ३१ डिसेंबरला रात्री १ वाजेपर्यंत सूट आहे, दिवाळीला ती नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून पहिला फटाका लावायचा बेत असेल तर तो इथेच मोडतो.

न्यू यॉर्क राज्यात जमिनीवरचे ठिणग्यांचे प्रकार बऱ्याच काउंट्यांत चालतात, पण न्यू यॉर्क शहरात फुलबाजीसुद्धा नाही. शिवाय हंगामी विक्री १ जून ते ५ जुलै आणि २६ डिसेंबर ते २ जानेवारी. दिवाळी बरोबर मधल्या खड्ड्यात.

कॅलिफोर्नियात राज्यभर उडणारं-फुटणारं सगळं बंद. उरलेल्यावर राज्याच्या फायर मार्शलचा, म्हणजे आगीच्या सुरक्षेच्या अधिकाऱ्याचा, ‘सेफ अँड सेन’ शिक्का लागतो, तो माल २८ जून ते ६ जुलै एवढाच विकता येतो, आणि तोही ज्या गावांनी परवानगी दिली त्यांतच. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमॉन्ट, म्हणजे आपली माणसं जिथे दाटीने राहतात ती गावं त्यांत नाहीत. वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड यांचंही तेच. इलिनॉयमध्ये रॉकेट-माळा बंद, पण शिकागोहून तासाभरात इंडियानात पोचलं की दुकानांच्या पाट्याच पाट्या. तिथे घेतलेलं तिथेच उडवा, नाहीतर घेऊ नका.

मिशिगन आणि जॉर्जियाचं थोडं वेगळं. मोठे फटाके दोन्हीकडे कायदेशीर आहेत. काही ठरावीक दिवशी गावाला बंदी घालता येत नाही, एरवी मिशिगनमध्ये गाव ती घालू शकतं आणि जॉर्जियात आवाजाचे स्थानिक नियम लागू होतात. त्या ठरावीक दिवसांत दिवाळी नाही. ‘जुलैत तर सगळे उडवत होते’ हा युक्तिवाद म्हणून तिथे टिकत नाही.

तिसरी पायरी: गाव किंवा काउंटी

गावाचे नियम म्हणजे ऑर्डिनन्स. गावाच्या वेबसाइटवर ‘म्युनिसिपल कोड’ शोधा आणि त्यात ‘फायरवर्क्स’. तिथे सापडलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका: ‘नॉइज’, ‘ओपन बर्निंग’ आणि ‘पार्क्स’ हे तीन भागही चाळा. सार्वजनिक बागा आणि शाळांची मैदानं जवळजवळ सगळीकडे वर्ज्य असतात, तळ्याकाठचं पार्किंगही त्यातच आलं.

वाचून डोकं गरगरलं तर फोन करा. मला विचाराल तर आधी फोनच करा. फायर डिपार्टमेंटमध्ये फायर प्रिव्हेन्शन किंवा फायर मार्शलचं ऑफिस असतं, त्याचा नेहमीचा दिवसाचा नंबर घ्या. ९११ला असल्या चौकशीसाठी फोन करायचा नसतो. प्रश्न मोघम विचारलात तर उत्तरही ‘फटाके बेकायदा आहेत’ असं मोघम मिळतं. म्हणून नेमकं विचारा: माझा पत्ता हा, तारीख ही, वेळ ही, माझ्या स्वतःच्या ड्राइव्हवेवर हातातल्या फुलबाज्या आणि जमिनीवर ठेवायचे फाउंटन लावले तर चालेल का? त्या दिवशी आगीसंबंधी काही वेगळा मनाई हुकूम आहे का? उत्तर ईमेलने मिळालं तर उत्तम, आणि मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. दिवाळी त्यांना माहीत नसेल तर दोन वाक्यांत सांगा. लांबण लावू नका.

चौथी पायरी: अंगण कोणाचं

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर लीज वाचा. बाल्कनीत शेगडीदेखील पेटवू न देणारे लोक फुलबाजीला हो म्हणतील ही आशा सोडा. स्वतःचं घर असलं तरी एचओए म्हणजे घरमालकांची सोसायटी असते आणि तिचे नियम गावापेक्षा कडक असू शकतात. काउंटीने हो म्हटलं आणि एचओएने नाही, असं टेक्ससमधल्या नव्या वसाहतींत पदोपदी होतं. टाउनहाउसमधला ड्राइव्हवे तुमचा असतो, समोरचा रस्ता बहुधा सोसायटीचा.

कॅलिफोर्नियातल्या काही गावांत पाहुण्याने फटाका उडवला तरी दंड यजमानाला होतो. त्यामुळे पार्टीला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: फराळ आणा, फटाके आणू नका.

पाचवी पायरी: तो दिवस, ती वेळ, ती हवा

अमेरिकेतले फटाक्यांचे नियम जुलै डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. जुलैत लॉन हिरवीगार असते. दिवाळीत त्याच लॉनवर वाळलेल्या पानांचा थर असतो, आणि एका ठिणगीला तेवढं पुरतं. पेटवायच्या आदल्या दिवशी पानं झाडून काढा, छपराच्या पन्हाळीतलीसुद्धा.

हवामान खात्याचा ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ (आग भडकण्याचा इशारा) किंवा काउंटीचा ‘बर्न बॅन’ (उघड्यावर जाळायला बंदी) त्या दिवशी आहे का, ते सकाळी बघा. २०२४च्या दिवाळीत न्यू जर्सी कोरडं ठणठणीत पडलं होतं, राज्यभर आगीचे निर्बंध होते, आणि दिवाळीनंतर आठवड्याभरात न्यू यॉर्कच्या सीमेवर जेनिंग्ज क्रीकचा वणवा भडकला. एरवी चालणारी गोष्ट अशा दिवशी चालत नाही. टेक्ससमध्ये दुष्काळ असेल तर काउंटी काठीची रॉकेटं वेगळी बंद करू शकते.

वेळेचं गणित सोपं आहे. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. दिवाळी त्यानंतर आली तर पाच-साडेपाचलाच अंधार पडतो आणि मुलांच्या झोपेच्या आत सगळं उरकतं. आधी आली तर साडेसहा-सात वाजतात. दोन्ही वेळा नऊच्या आत आवरा, नियम दहाचा असला तरी. लक्ष्मीपूजन आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर शेजाऱ्याला सकाळी कामावर जायचं असतं, आणि तक्रारीचा फोन तोच करणार असतो.

खरेदी

रस्त्याकडेचे तंबू जूनच्या अखेरीस उगवतात आणि जुलैत गायब होतात. वर्षभर चालणारी पक्की दुकानं पेनसिल्वेनिया, ओहायो, इंडियाना, न्यू हॅम्पशायर अशा राज्यांत आहेत. दिवाळीच्या सुमारास इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीशेजारी फुलबाज्या मांडलेल्या दिसतात. दुकानात दिसल्या म्हणजे तुमच्या गावात चालतात, असा अर्थ नाही. दुकानदाराचं गाव वेगळं असतं, आणि कधी कधी त्यालाही माहीत नसतं.

पाकिटावर फटाक्याचं नाव, बनवणाऱ्याचा किंवा आणणाऱ्याचा पत्ता आणि धोक्याची सूचना इंग्रजीत छापलेली हवी. ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका. जुलैत घेऊन दिवाळीपर्यंत ठेवायचे असतील तर कोरड्या जागी, वॉटर हीटर आणि भट्टीपासून लांब ठेवा. गराजमध्ये पेट्रोलच्या कॅनशेजारी तर अजिबातच नको. पावती जपून ठेवा.

त्या संध्याकाळी

पाण्याची बादली आणि जोडलेला होज. बादलीत एकेक फुलबाजी संपली की बुडवायची: विझलेली तार काळी दिसते पण भाजते, आणि जळती फुलबाजी हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ती देऊन फोटो काढण्यापेक्षा त्याला लांब उभं करा. नायलॉनचा झब्बा, ओढणी, चपला त्या अर्ध्या तासापुरत्या बाजूला. सुती कपडे, बंद बूट. पणतीवर फटाका पेटवू नका. न पेटलेल्या भुईनळ्याकडे वीस मिनिटं कुणी जायचं नाही, मग तोही बादलीत. कचरा रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी डब्यात.

दोन-तीन दिवस आधी शेजाऱ्यांच्या दारात चार चकल्यांसोबत एक चिठ्ठी ठेवा: अमुक दिवशी, अमुक वेळेत, अर्धा तास. कुत्री फटाक्यांनी बावरतात आणि युद्धावरून आलेल्या माणसांनाही हा आवाज सोसत नाही. कळलं असेल तर लोक तयारी करतात.

पोलीस आले तर

तक्रार आली की अधिकारी येतो. बहुतेक वेळा ‘बंद करा’ म्हणून सांगून जातो. लगेच थांबा, ‘हा आमचा सण आहे’ एवढं सांगा, वाद घालू नका; फायर ऑफिसचा ईमेल असेल तर दाखवा. माल मागितला तर द्या.

तिकीट (दंडाची नोटीस) मिळालं तर ते नक्की काय आहे ते नीट वाचा. साधा दंड वेगळा आणि मिस्डिमीनर वेगळा. मिस्डिमीनर हा फौजदारी गुन्हा असतो. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात तुम्हाला कधी अटक झाली आहे का, शिक्षा झाली आहे का, असा प्रश्न असतो; नागरिकत्वाच्या अर्जातही असतो. एच-वनवर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर दंड भरून टाकू आणि विसरू, असं करू नका; भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं ठरू शकतं. आधी वकिलाला विचारा, तोही इमिग्रेशन कळणारा. आणि कोर्टाची तारीख चुकवू नका, त्यावर अटकेचं वॉरंट निघतं.

तिघांपैकी कुणी नाही म्हटलं तर

मग मंडळाकडे वळा. सार्वजनिक आतषबाजीचे नियम पूर्ण वेगळे आहेत, आणि घरी फुलबाजीलाही बंदी असलेल्या मॅसॅच्युसेट्समध्येसुद्धा रीतसर परवान्याने ती होते. त्यासाठी परवानाधारक कंपनी, फायर मार्शलची परवानगी, जागेच्या मालकाचं पत्र आणि विमा लागतो. यातलं काहीच आठवड्याभरात होत नाही. तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीत हा विषय गणपतीच्या बैठकीतच काढा, जागा ठरवतानाच फायर ऑफिसला फोन करा, आणि वाऱ्यामुळे किंवा बर्न बॅनमुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हे कंत्राटात सहीआधी वाचून घ्या.